दिलगिरी, सबब आणि ‘सॉरी’

गर्दीच्या गाडींत एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडतो. तोंडांतून शब्द निघतो ‘सॉरी’. औषधाच्या दुकानांत मागितलेलें औषध नसतें. दुकानदार म्हणतो ‘सॉरी’. शेजारच्या घरीं कोणी वारल्याचें कळतें आणि भेटीस आलेला तरुण हलक्या आवाजांत म्हणतो ‘सॉरी’. मुलगा खेळून उशिरां घरीं येतो, आई रागावलेली असते, आणि जोडे काढतां काढतां तोही तेंच म्हणतो. प्रसंग चार, भावना चार, आणि शब्द मात्र एक. पहिल्या प्रसंगांत लहानशी चूक आहे. दुसऱ्यांत चूक कोणाचीच नाहीं. तिसऱ्यांत शोक आहे. आणि चौथ्यांत, खरें बोलावयाचें तर, आईचें बोलणें लवकर संपावें एवढीच इच्छा आहे. सुशिक्षित मराठी घरांत हा शब्द आतां इतका रुळला आहे कीं तो परका आहे हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. परंतु जो शब्द चार कामें करतो, तो त्यांतलें नेमकें कोणतें काम करीत आहे हें न कळल्यास घोटाळा होतो. आणि असा घोटाळा केवळ घरांतच होतो असें नाहीं. दोन बलाढ्य राष्ट्रांमध्यें तो झालेला आहे.

ता. १ एप्रिल २००१ रोजीं दक्षिण चिनी समुद्रावर अमेरिकन आरमाराचें एक टेहळणी विमान आणि चीनचें एक लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक वांग वेई समुद्रांत नाहींसा झाला. मोडकें अमेरिकन विमान परवानगी न मिळतांच चीनच्या हैनान बेटावर उतरलें, आणि त्यांतील २४ माणसें चिनी अधिकाऱ्यांच्या ताब्यांत सांपडलीं. चीनची मागणी अमेरिकेनें माफी मागावी अशी होती. अमेरिकेचें म्हणणें असें कीं, दोष आपला नव्हे, मग माफी कशाची? अकरा दिवस शब्दांची ही घासाघीस चालली. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनीं प्रथम ‘रिग्रेट’ हा शब्द काढला. तो चीनला पुरेसा वाटला नाहीं. शेवटीं ता. ११ एप्रिल रोजीं अमेरिकन राजदूतानें जें पत्र दिलें त्यांत ‘व्हेरी सॉरी’ हे शब्द दोनदां आले: एकदां वैमानिकाच्या मृत्यूविषयीं, आणि एकदां तोंडी परवानगीवांचून विमान उतरल्याविषयीं. चिनी वृत्तसंस्थेनें भाषांतर करतांना क्षमायाचनेच्या जवळ जाणारा शब्द योजिला, आणि अमेरिका नमली असा समज चिनी जनतेंत झाला. वॉशिंग्टननें त्याच वेळीं आपल्या लोकांस सांगितलें कीं, ही माफी नव्हे, हा केवळ खेद आहे. चोवीसही माणसें सुखरूप घरीं गेलीं. दोन्ही सरकारांस आपापल्या परीनें खरें बोलल्याचें समाधान मिळालें, कारण त्या एका शब्दांत दोन्ही अर्थ नांदूं शकतात.

याचें मूळ शब्दाच्या जन्मांत आहे. ‘सॉरी’ हा अस्सल इंग्रजी शब्द. जुन्या इंग्रजींतील ‘सारिग’ याचा वंशज. ‘सारिग’ म्हणजे दुखावलेला, व्यथित. ज्या ‘सोअर’ शब्दानें आजही दुखरा घसा सांगतात त्याच्याच कुळांतला तो. गंमत अशी कीं, ‘सॉरो’ म्हणजे दुःख, या शब्दाशीं त्याचें रक्ताचें नातें नाहीं. अर्थ आणि उच्चार जवळ आल्यामुळें दोघे भाऊ वाटूं लागले, इतकेंच. म्हणजे मुळांत ‘आय ॲम सॉरी’ याचा अर्थ ‘मला दुखतें आहे’ एवढाच. दोष कोणाचा, तें हा शब्द सांगत नाहीं. शोकाच्या घरीं तो चालतो तो याच कारणानें. तेथें तो आपल्या मूळ अर्थानें उभा असतो. पण चूक करणाऱ्याच्या तोंडून तोच शब्द पुनःपुन्हां ऐकल्यावर ऐकणाऱ्यांस त्यांत कबुलीही ऐकूं येऊं लागली, आणि ती पुढें अर्थाचाच भाग झाली.

मराठींत हीं दोन कामें दोन शब्दांकडे आहेत. ‘दिलगीर’ हा फारशी शब्द. ज्याचें ‘दिल’ म्हणजे हृदय दुःखानें धरलें आहे तो दिलगीर. ‘माफ’ अरबींतून आला. त्यांत मोकळें करणें, सोडून देणें हा भाव आहे, म्हणूनच शेतसारा माफ होतो आणि शाळेची फीही माफ होते. दिलगिरी माणूस आपणहून व्यक्त करतो. माफी दुसऱ्याजवळ मागावी लागते, आणि ती देणें न देणें सर्वस्वीं त्याच्या हातीं असतें. महाराष्ट्राच्या राजकारणांत ‘दिलगिरी व्यक्त केली, पण माफी मागितली नाहीं’ यावरून वाद झडतात. ते पोकळ शब्दच्छल म्हणून हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत. घरगुती बोलण्यांतून मात्र ‘दिलगीर’ जवळजवळ गेला आहे. तो आतां वर्तमानपत्रांत आणि सरकारी पत्रांत उरला. त्याची जागा ‘सॉरी’नें घेतली, आणि घेतांना शेजारची माफीची जागाही घेऊन टाकली.

इंग्रजी माणसास हा दुहेरी अर्थ अडचणीचा होत नाहीं, कारण तो ‘सॉरी’पुढें काय जोडलें आहे तें ऐकतो. ‘सॉरी टु हिअर’, म्हणजे ऐकून वाईट वाटलें; येथें दोषाचा प्रश्नच नाहीं. ‘सॉरी फॉर’ म्हणून पुढें स्वतःचें कृत्य सांगितलें, उदाहरणार्थ उशिरां येणें किंवा ओरडणें, तर ती कबुली. पण त्याच ‘फॉर’पुढें दुसऱ्याचें दुःख आलें तर पुन्हां सहानुभूति. हैनानच्या पत्रांतील पहिला ‘सॉरी’ वैमानिकाच्या घरच्यांच्या दुःखाविषयीं होता. दुसऱ्याच्या पुढें जें वाक्य होतें त्याचा कर्ता अमेरिका नव्हता, विमानाचें ‘उतरणें’ हाच कर्ता होता. मुत्सद्द्यांचें व्याकरण असें पक्कें असतें. आणि सर्वांत निसरडा प्रकार ‘सॉरी इफ’ हा: कोणाचें मन दुखावलें असेल तर सॉरी. त्यांत मन दुखावलें हेंही कबूल नाहीं, आपण दुखावलें हें तर नाहींच. ‘भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोंत’ हें मराठी वर्तमानपत्री वाक्य त्याचेंच भावंड.

क्षमेचे इतर कांहीं इंग्रजी शब्द परक्या ठिकाणांहून आले, आणि त्या प्रत्येकावर जन्मस्थानाची खूण आहे. ‘पार्डन’ लॅटिनींतून फ्रेंचमार्गें आला; त्याचा अर्थ पुरतेपणीं देऊन टाकणें. त्यांतील ‘देणें’ आणि संस्कृत ‘दान’ हीं एकाच मूळचीं. राजा गुन्हेगाराची शिक्षा माफ करतो त्यासही पार्डनच म्हणतात.

‘एक्स्क्यूज’ न्यायालयांतून आला. लॅटिन ‘एक्स’ म्हणजे बाहेर, आणि ‘काउझा’ म्हणजे कारण किंवा खटला. आरोपांतून बाहेर काढणें तें ‘एक्स्क्यूज’. (उच्चाराची एक सूचना येथेंच: नाम असतां शब्दाच्या शेवटीं ‘स’ ऐकूं येतो, क्रियापद असतां ‘झ’, आपल्याकडे दोहोंस एकच उच्चार करतात.) आपल्या ‘सबब’ शब्दाचा प्रवास याच्याशीं ताडून पाहण्याजोगा आहे. अरबींत ‘सबब’ म्हणजे कारण. करारनाम्यांत ‘सबब हें लिहून दिलें’ असें आजही लिहितात. तेथें त्याचा अर्थ ‘यास्तव’. तोच शब्द स्वयंपाकघरांत आला कीं ‘सबबी सांगूं नकोस’ असा होतो. ‘निमित्त’ हाही संस्कृतांत कारणवाचक. माणूस कारणें सांगूं लागला कीं त्यांत बनावट कारणांची भेसळ होते, हा अनुभव बहुधा सर्वच भाषांनीं घेतला आहे.

मध्ययुगीन इंग्लंडांत तर सबबींचें शास्त्रच होतें. ठरल्या दिवशीं न्यायालयांत हजर न राहण्याच्या कायदेशीर सबबीस ‘एसॉइन’ म्हणत. बाराव्या शतकाच्या अखेरच्या, ग्लॅनव्हिलच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांत, आणि तेराव्या शतकांतील ब्रॅक्टनच्या ग्रंथांत या सबबींची सविस्तर वर्गवारी सांपडते. न्यायालयाच्या वाटेवर असतांना आलेलें आजारपण ही एक. अंथरुणास खिळल्याची दुसरी. समुद्रापलीकडे असणें, राजाच्या चाकरींत असणें, पवित्र भूमीच्या यात्रेस गेलेलें असणें, ह्या आणखी. सबब सांगण्यास पक्षकार स्वतः जात नसे. त्याचा निरोप्या जाई. जमिनीच्या मोठ्या दाव्यांत अंथरुणाची सबब आली, तर न्यायालय ती निरोप्याच्या शब्दावर मानीत नसे. चार नाइट त्या माणसाच्या घरीं जाऊन त्यास प्रत्यक्ष पाहून येत. दुखणें खरोखरच जडलेलें दिसलें तर एक वर्ष आणि एक दिवस एवढी मुदत मिळे. अट अशी कीं, त्या मुदतींत त्यानें अंथरुणांतच राहिलें पाहिजे. परवानगीवांचून कपडे चढवून बाहेर हिंडतांना तो प्रतिपक्षास सांपडला, तर सबब त्याच्यावरच उलटे. डॉक्टरचें सर्टिफिकेट जोडून रजा घेणारा आणि दुपारीं सिनेमागृहाच्या दारांत वरिष्ठांस दिसणारा कारकून हा त्याच परंपरेंतला.

‘ॲलिबाय’ हा शब्द त्याच न्यायालयीन वातावरणांतला. लॅटिनींत त्याचा अर्थ ‘अन्यत्र’. गुन्हा घडला तेव्हां आरोपी अन्यत्र होता, हा बचाव. पुढें सामान्य बोलण्यांत त्याचा अर्थ ‘कोणतीही सबब’ असा सैल झाला.

‘अपॉलॉजी’ची कथा उलटीच. ग्रीक ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपीनें आपल्या बचावासाठीं केलेलें भाषण. इ. स. पूर्वीं ३९९ मध्यें अथेन्सच्या न्यायसभेपुढें सॉक्रेटिस उभा राहिला. प्लेटोनें लिहिलेल्या त्याच्या भाषणाचें इंग्रजी नांव ‘अपॉलॉजी’ असेंच आहे. त्यांत माफी शोधणाऱ्या विद्यार्थ्याची निराशा होते. दोषी ठरल्यावरही सॉक्रेटिस सुचवितो तें हें कीं, आपल्या कार्याबद्दल नगरीनें आपणांस सार्वजनिक खर्चानें जेऊं घालावें! १५९५ मध्यें छापल्या गेलेल्या फिलिप सिडनीच्या काव्यविषयक ‘अपॉलॉजी’तही काव्याचें समर्थन आहे, काव्याबद्दल खेद नाहीं. आधीं आरोपास उत्तर, मग नुसतें स्पष्टीकरण, मग स्पष्टीकरणासोबत खेद, आणि शेवटीं स्पष्टीकरण गळून उरलेला खेद: असा हा बचावाचा शब्द हळूहळू शरणागतीचा झाला. आज ‘आय अपॉलॉजाइझ’ म्हणणारा दोष पत्करतो. ‘सॉरी’च्या आडोशाला उभें राहतां येतें, या क्रियापदाच्या आडोशाला तसें राहतां येत नाहीं.

सबबींचें सर्वांत सूक्ष्म विवेचन केलें तें एका तत्त्वज्ञानें. ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन (१९११–१९६०) यांनीं १९५६ मध्यें ॲरिस्टॉटेलियन सोसायटीच्या अध्यक्षपदावरून याच विषयावर व्याख्यान दिलें. नीतिशास्त्र सहसा जबाबदारी, स्वातंत्र्य असल्या भारी शब्दांपासून प्रारंभ करतें. ऑस्टिन यांचा आग्रह असा कीं, आधीं रोजच्या सबबी ऐकाव्यात. कारण पिढ्यानुपिढ्या लोकांस जे भेद करण्याजोगे वाटले ते या साध्या शब्दांत सांठले आहेत. पहिला भेद समर्थन आणि सबब यांतला. समर्थन करणारा म्हणतो: मीं केलें, आणि तें योग्यच होतें. सबब सांगणारा म्हणतो: तें योग्य नव्हतें हें कबूल, पण सारा दोष माझ्या माथीं मारूं नका.

त्यांचें गाढवांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन शेजाऱ्यांचीं दोन गाढवें एकाच कुरणांत चरतात. एकास आपलें गाढव नकोसें होतें; तो बंदूक घेऊन जातो, नेम धरतो, गोळी घालतो, गाढव पडतें. जवळ जाऊन पाहतो तों तें शेजाऱ्याचें! आतां दुसरा प्रकार. तो आपल्याच गाढवावर नेम धरतो. पण चाप ओढतांना जनावरें हलतात आणि गोळी शेजाऱ्याच्या गाढवास लागते. गाढव दोन्ही वेळां मेलेंच, आणि शेजाऱ्याच्या दारीं जाणेंही दोन्ही वेळां चुकत नाहीं. परंतु पहिल्या वेळीं इंग्रजींत ‘बाय मिस्टेक’ म्हणावें लागेल, दुसऱ्या वेळीं ‘बाय ॲक्सिडेंट’. पहिल्यांत नेम बरोबर, ओळख चुकली. दुसऱ्यांत ओळख बरोबर, नेम चुकला. मराठी बोलणारा दोन्ही वेळां ‘चुकून’ म्हणेल. ‘अपघातानें’ आहे, पण तो बोलण्यापेक्षां बातमींत अधिक शोभतो. ‘अनवधानानें’ अर्जांतच भेटतो. ‘नजरचुकीनें’ हा सुंदर शब्द मात्र अजून जिवंत आहे, आणि हिशेबाच्या वह्यांबाहेरही तो अधिक वापरला जावा.

शब्दांत मराठी येथें थोडी तोकडी पडली, तरी व्याकरणांत ती पुढें आहे. ‘कप फुटला’, ‘माझ्या हातून कप फुटला’, ‘मीं कप फोडला’, हीं तीन वाक्यें मराठी मूल चार वर्षांचें होतांच अचूक ओळखतें. पहिल्यांत कोणीच नाहीं. तिसऱ्यांत हेतूचा वास येतो. मधल्यांत कर्तृत्व आहे पण हेतु नाहीं. ही मधली पायरी इंग्रजीस सहज साधत नाहीं. इंग्रज मुलास ‘आय ब्रोक इट’ म्हणून वर ‘बाय ॲक्सिडेंट’ जोडावें लागतें. मोठ्या माणसांनीं कर्मणि प्रयोगाचा रस्ता काढला: ‘मिस्टेक्स वेअर मेड’, चुका केल्या गेल्या. इराणला शस्त्रें विकल्याच्या प्रकरणीं अध्यक्ष रेगन यांनीं जानेवारी १९८७ च्या भाषणांत हीच रचना वापरली. अध्यक्ष ग्रँट यांनींही १८७६ च्या आपल्या अखेरच्या वार्षिक संदेशांत ती वापरली होती. पण त्यांनीं निदान पुढें आपली कबुली जोडली.

समाजांतील नित्याच्या सबबी याहून हलक्याफुलक्या. एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या सुखवस्तु घरीं भेट नको असली, कीं नोकर दारांतच ‘नॉट ॲट होम’ असें सांगे. बाई वरच्या मजल्यावर असत, पाहुण्यासही तें ठाऊक असे, आणि तो मुकाट्यानें आपलें नांवाचें कार्ड ठेवून जाई. जेवणाचें आमंत्रण टाळण्यास ‘प्रायर एंगेजमेंट’, म्हणजे आधींच ठरलेलें काम. कोणतें, तें विचारण्याची रीत नाहीं. ऑस्कर वाइल्ड यानें १८९५ च्या ‘दि इंपॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकांत या रीतीची हद्द केली. त्यांतील अल्जर्ननला बनबरी नांवाचा एक कायमचा रोगी मित्र आहे, आणि नको असलेलें आमंत्रण आलें कीं बनबरीची प्रकृति बिघडते. बनबरी जगांत नाहींच. मराठी वाचकांस येथें गांवाकडील ती काकी आठवेल, जी दर गणपतीस कचेरींतील पुतण्याच्या रजेसाठीं अत्यवस्थ होत असे.

कोणता शब्द केव्हां, याचा संकेत इंग्लंडांत साधारण असा आहे: त्रास देण्यापूर्वीं ‘एक्स्क्यूज मी’, दिल्यावर ‘सॉरी’. अमेरिकेंत धक्का लागल्यानंतरही ‘एक्स्क्यूज मी’ चालतो. ऐकूं आलें नाहीं तर ‘सॉरी?’ असा शेवटचा स्वर चढवून विचारतात. ‘पार्डन?’ म्हणणें अधिक सभ्य, असें आपल्याकडे शिकविलें जातें. पण १९५४ मध्यें ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञानें इंग्रज वरिष्ठवर्गाच्या बोलीवर निबंध लिहिला आणि नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेनें तो विषय गाजविला, तेव्हां ‘पार्डन’ हा वरिष्ठवर्गाबाहेरचा शब्द ठरला. खानदानी माणूस म्हणे नुसतें ‘व्हॉट?’ विचारतो. ‘आय ॲम अफ्रेड’ या प्रयोगांत तर भीतीचा लवलेश नसतो; तिकिटें संपलीं, दुकान मिटलें, साहेब बाहेर गेले, या सर्वांस इंग्रज शिष्टाचारापुरता भितो. केट फॉक्स या मानवशास्त्रज्ञ बाईंनीं २००४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत एक प्रयोग वर्णिला आहे. त्यांनीं अनोळखी लोकांस मुद्दाम, पण नकळत दिल्यासारखे, धक्के दिले. आणि बहुतेक इंग्रजांनीं, धक्का खाल्ल्यावर, स्वतःच ‘सॉरी’ म्हटलें.

एवढ्या सैल शब्दानें न्यायालयांपुढें मात्र गंभीर प्रश्न उभा केला. शस्त्रक्रियेनंतर रोगी दगावला आणि डॉक्टर नातलगांस ‘आय ॲम सॉरी’ म्हणाले, तर ती निष्काळजीपणाची कबुली समजावयाची काय? ती तशी धरली जाईल या धास्तीनें वकील आणि विमेवाले गप्प बसण्याचा सल्ला देऊं लागले. आणि जेथें दुःखाच्या दोन शब्दांची सर्वांत अधिक गरज तेथेंच ते मिळेनासे झाले. यावर अनेक देशांनीं कायदे केले. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १९८६ मध्यें अपघातानंतरच्या सहानुभूतीच्या उद्गारांस दोषाच्या पुराव्यांतून वगळलें. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबियाचा क्षमायाचनेचा कायदा २००६ चा. त्याच वर्षीं इंग्लंडच्या नुकसानभरपाईच्या कायद्यांत असें कलम आलें कीं, केवळ क्षमायाचना केल्यानें किंवा उपचाराची तयारी दाखविल्यानें निष्काळजीपणाची कबुली झाली असें ठरत नाहीं. हाँगकाँगनें २०१७ मध्यें असा कायदा केला, आणि ‘सॉरी’ वाटत असल्याचें म्हणणें हेंही ‘अपॉलॉजी’च होय, असें व्याख्येंतच लिहून टाकलें.

इंग्लंडांत याच्याही पुढें एक पाऊल पडलें. २०१४ मध्यें केलेल्या नियमांनुसार, उपचारांत घडलेल्या अनपेक्षित घटनेनें रोग्यास गंभीर इजा झाली तर रुग्णालयानें तें रोग्यास किंवा त्याच्या माणसांस होऊन सांगितलें पाहिजे, आणि क्षमाही मागितली पाहिजे. त्या नियमांत ‘अपॉलॉजी’ची व्याख्या दुःख किंवा खेद व्यक्त करणें अशीच आहे, दोषाचा निवाडा त्यांत नाहीं. आणि तें नुसतें तोंडानें सांगून भागत नाहीं, मागाहून लेखीही द्यावें लागतें.